एक मिली

एकतीस वर्षं मार्केट यार्डात
हळदीचे सौदे पुकारले.
कांडी मोडायची, आतला रंग बघायचा, आणि सुरू —
आठ हजार शंभर, दोनशे, दोनशे, बोला अडीचशे...
श्वास कुठं घेतला ते छातीलाही कळायचं नाही.

आता जांभई आली तरी भीती वाटते.
उजव्या कानापुढं कट् होतं,
बिजागरीत वाळू गेल्यासारखं.
भडंग सोडून सव्वा वर्ष झालं.
सांगलीत राहून भडंग नाही,
हे मी पावण्यांना सांगत नाही.

मिरजेच्या मुजावर डॉक्टरीणबाई
फोटो उजेडाला धरून म्हणाल्या,
भूपालराव, गादी झिजलीय, हाडाला हाड लागतंय.
गुडघ्याचं होतं तेच, जागा तेवढी वेगळी.
स्टेरॉईडनं ठणका लवकर उतरतो, पण ते फार वेळा नको.
तुमच्याच रक्तातलं काढूनही भरतात.
आपण आधी वंगण घालू. एक मिली.
झिजलेलं परत येईल असं म्हणत नाही मी.

एक मिली!
क्विंटलच्या खाली मी कधी बोललो नाही.

कानापासून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत
निळ्या पेनानं रेघ, रेघेखाली ठिपका,
पोत्यावर लॉट नंबर टाकावा तसा.
तोंड उघडा. अजून. तसंच धरा.
सुई आत गेली आणि कानात
समुद्रासारखं... नाही, समुद्र मी दोनदाच पाहिलाय.
आयर्विनखाली कृष्णा चढते तसलं काहीतरी.

जैन माणूस, विचारायला हवंच:
हे बनतं कशापासून?
पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायचे, त्या म्हणाल्या,
आता जिवाणूंकडून करून घेतात.

विश्रामबागेपर्यंत रिक्षात तोच डोक्यात.
माझ्यासारखाच, सकाळी उठून पुकारणारा.
त्याला कुणी भाव विचारला असेल?

दोन दिवस मऊ भात, बोलणं बंद.
वडलांच्या वेळी सौदा रुमालाखाली व्हायचा,
बोटांत बोटं, सगळं यार्ड गप्प.
ऐंशीव्या वर्षी ऊस दातानं सोलायचे ते.

तिसऱ्या दिवशी, जेवणं उरकल्यावर,
त्रिशलानं ताटं पुसायचा पंचा माझ्या हातावर टाकला
आणि खालून तीन बोटं दाबली.
तीन काय? शे? हजार? वर्षं?
काय मागतीय कळेना.
मी चार दाबली.

घरात इतकं कधी बोलला नव्हता, ती म्हणाली.
मी हसलो. कट् झालंच,
पण लांबून,
पलीकडच्या गल्लीत कुणी कडी लावल्यासारखं.