गणपाला गवसली गाय

हरिपूरच्या वाटेवर, चिंचांच्या सावलीत
एक बाग होती. बाग म्हणजे काय,
दोन घसरगुंड्या, पाणी नसलेलं कारंजं,
सिमेंटचा जिराफ, त्याला एकच कान,
आणि सहा डब्यांची गाडी,
गोल गोल फिरायची, कुठंच जायची नाही.

तिकीट चार आणे.
शिट्टी फुंकायला धोंडूमामा, डोक्यावर गार्डाची टोपी,
पायात मात्र काहीच नाही.
चिंचेला बांधलेल्या कर्ण्यातून
दिवसभर एकच गाणं,
कुठल्याशा सिनेमातलं. त्यात म्हणे एक मुलगी
तेलाच्या डब्यांचं विमान बनवते.
सिनेमा आम्ही कधी पाहिलाच नाही.
गाणं पाहिलं.
चाकांच्या खटखटीत, डोळ्यांत जाणाऱ्या धुळीत,
भडंगाच्या पुडीत तळाचा लसूण शोधताना.

कर्णा फाटका, वर नदीचा वारा,
आम्हाला ऐकू यायचं ते असं:
गणपाला गवसली गाय रे, गाय!

आणि माझ्या धाकट्या भावाचं नाव गणपत.

सहा वर्षांचा. चालत्या डब्यात उभाच राहिला.
"आक्का, माझं नाव घेतंय!"
धोंडूमामानं शिट्टी मारली, तरी बसेना.

त्या दिवसापासून तो गाईची वाट बघायचा.
बोळाच्या तोंडाशी, शाळेतून येताना पुलाखाली,
एकदा तर कोंडवाड्याबाहेर तासभर.
आप्पा मार्केट यार्डात पोती उचलायचे,
नखांत हळद घेऊन घरी यायचे.
म्हणायचे, "गाण्यात सांगितलंय म्हंजे येणार की रं."

बाग पुढं महापुरात गेली.
जिराफाची मान तेवढी पाण्यावर होती, म्हणतात.
मी बघायला गेले नाही.

परवा गणपाला मिरजेला नेलं.
बावीस वर्षं दुधाचा टँकर चालवला,
(गाय गवसली ती अशी, दहा हजार लिटरची)
आता कमरेचा मणका सरकलाय.
अंगठी काढली, कमरेची चांदीची साखळी काढली,
खिशातली नाणी माझ्या पदराच्या गाठीत.
एका पांढऱ्या बोगद्यात त्याला ढकललं
आणि भिंतीपलीकडनं सुरू झालं,
ढणढण, ढणढण, मग नुसतंच टकटकटक,
मग परत ढणढण.
मी बाकावर. मांडीवर त्याच्या चपला.

दार किलकिलं करून मुजावर मॅडम आल्या,
असेल तिशीची पोर.
"मावशी, हलू नका म्हटलं तर गातायत ते आत."
"काय गातोय?"
"काहीतरी गाईचं."

मला हसू आवरेना. तिला सगळं सांगितलं,
जिराफ, टोपी, कोंडवाडा.
ती म्हणाली, "अहो, हे आमच्या गॅदरिंगला होतं, चौथीत.
मी ढग झाले होते."
आणि हातातल्या फाइलवर ठेका धरून
हळूच म्हणून दाखवलं:
गगनाला गवसणी घाल रे, घाल.

गगनाला.
छप्पन्नाव्या वर्षी, दवाखान्याच्या बाकावर
माझ्या हातातनं दावं सुटलं.
चांगले होते शब्द. उंच होते.
पण त्यात दूध नव्हतं.

तेवढ्यात गणपा बाहेर आला,
केस चपटे, कानांत अजून कापूस,
म्हणून ओरडूनच बोलत:
"आक्का, आत तीच गाडी हाय बघ! सहा डबं मोजलं मी!"

मुजावर मॅडमनं सांगायला तोंड उघडलं.
मी चपला त्याच्या पायाशी ठेवत होते,
तिथूनच वर बघितलं.
"रिपोर्ट तीनला," ती म्हणाली,
आणि लगबगीनं आत गेली.
तिच्या सँडलचा ठेका मात्र आमचाच होता.

रिक्षात बसल्या बसल्या त्यानं सुरू केलं.
मीही म्हटलं, मोठ्यानं, गाईसकट.
रिक्षावाला आरशातनं बघायला लागला.
खड्डा आला की गणपा कळवळायचा,
"आई गं" म्हणून थांबायचा,
आणि परत पहिल्यापासून.
त्याची नाणी माझ्या पदरातच राहिली होती,
वाजत होती.