टॉर्च, तीन आठवडे वापरून

खोक्यावर लिहिलंय : शत्रूला दिपवा.
मला शत्रू नाही, निदान अंधारात उभा राहील
इतक्या चिकाटीचा नाही.
रात्री साडेदहाला सयाजी रुग्णालयाच्या मागच्या स्टँडवर
स्कूटर लावायची असते, आणि तिथले दिवे
आठवड्यातले चार दिवस गेलेले, एवढंच.

रावपुऱ्यात मकवाणांकडून घेतली.
'बेन, मिलिटरीनो माल छे,' म्हणाले,
आणि भर दुपारी समोरच्या बँकेच्या पाटीवर
पांढरा डाग पाडून दाखवला.

तळहातात मावते. वजन एका पिकल्या चिकूएवढं.
तोंडाशी दाते आहेत, हल्लेखोराच्या कपाळासाठी;
त्यांनी आजवर माझ्या पर्सचं अस्तर फाडलं
आणि एक केळं.
क्लिप चांगली, एप्रनचा खिसा सोडत नाही.
पूर्ण उजेडावर पाच मिनिटं ठेवली
की तव्यावरून नुकत्या काढलेल्या भाकरीसारखी तापते.
उजेड निळसर. त्यात हळद आजारी दिसते,
आणि पेशंटला कावीळ आहे की नाही
हे या उजेडात कुणी ठरवू नये.
चार्जिंगची वायर आखूड.

पल्ला दोनशे मीटर म्हणतात.
काळ्या घोड्याच्या पुलावर गाडी थांबवून
विश्वामित्रीवर टाकून पाहिली.
पलीकडच्या काठापर्यंत पोचली,
आणि तिथे, पाण्याला अगदी लागून,
दोन लाल ठिणग्या उघडल्या.
मिटेनात.
मीच मिटवली टॉर्च.
ज्याची झोप मोडली त्याची माफी मागायची
आमच्या शहरात रीत नाही. आम्ही स्कूटर सुरू करतो.

पण रोजचा वापर म्हणजे शेवटी घर.
सुट्टीच्या रात्री मी दोनदा उठते,
नानांच्या छातीवरची चादर
वरखाली होते का, ते बघायला.
त्याला लागते सगळ्यात खालची पायरी :
काजव्याएवढी, चादरीपुरती,
पापणीपर्यंत न जाणारी.
खोक्यावर तिचा उल्लेखसुद्धा नाही.

अडचण अशी, की ही वस्तू लक्षात ठेवते.
मागच्या वेळी जे वापरलं
तेच पुढच्या वेळी पहिलं.

परवा स्टँडवर कुत्री अंगावर आली
तेव्हा मी लुकलुकणारा उजेड लावला होता, आणि विसरले.
रात्री दोनला प्रतापनगरच्या आमच्या पुढच्या खोलीत
वीज फडफडली, पांढरी, भिंतीभिंतींवर.
नाना उठून बसले.
एकोणतीस वर्षं डभोईच्या छोट्या गाडीवर गार्ड.
ओरडले नाहीत. उशाशी हात फिरवत
नसलेला कंदील शोधत म्हणाले,
'पांढरा हलवतोय कुणीतरी.
उभी कर. पुढे रूळ वाहून गेला असेल.'
मला बटण सापडेना. बोटं घामेजली होती,
आणि खोली उजेड-अंधार, उजेड-अंधार,
त्यांचा हात दर वेळी थोडा निराळीकडे.

मग एकदाची विझली.

'थांबली?'
'थांबली, नाना.'
'आत किती माणसं?'
जरा वेळ मला हिशेबच लागेना.
'दोन,' म्हटलं.
'बरं,' म्हणाले, आणि कुशीवर वळले.

आता झोपण्याआधी मी न्हाणीघराचं दार लावून
तिला एकदा मंदावर आणून ठेवते,
दात घासण्यासारखंच, रोज.
परत करावी असंही वाटलं होतं.
पण सकाळी चहाच्या वेळी
नानांनी ती हातात घेतली, फिरवून पाहिली,
दात्यांवरून अंगठा नेला,
काचेत डोळा घालून आतलं पिवळं टिकलीभर बघितलं.

'हिला हिरवी काच नाही?'
'नाही.'
'मग अर्धीच आहे,' म्हणाले,
'थांबवण्यापुरती.'