चौदावा ठसा

मकरपुऱ्यात, बेअरिंगच्या कारखान्याला लागून
आमची शेड. आत एक प्रेस, दोन दगड, ॲसिडचं टाकं,
आणि बुडबुडे सारायला कबुतराची पिसं.

चित्रकार येतात. दिल्लीचे, कोचीचे,
एकदा एक बाई थेट लिस्बनहून.
कुणी आयुष्यभर नुसते व्हिडिओ केलेले,
कुणी मातीच्या भिंती बांधून मोडणारे.
जस्ताचा पत्रा हातात घेतात
आणि लहान मुलासारखं विचारतात, यात काळं कुठून येतं?
खड्ड्यातून, मी म्हणतो.
ॲसिडनं खाल्लं तिथेच शाई राहते.
बाकीचं पुसायचं असतं.

या खेपेला हर्षिदा बूच, भुजच्या.
त्यांनी एक जिना काढला.
भूकंपात घर गेलं, तो तेवढा उभा राहिला होता,
वर काहीच नसताना.
खाली गुजरातीत एक शब्द लिहिला : उपर.

पहिलं प्रूफ उचललं तर शब्द उलटा.
जिन्याचंही डावं उजवीकडे गेलेलं.
बराच वेळ बघत राहिल्या.
'अमारो दादरो तो आ बाजु वळतो'तो.'

मला उलटं चटकन खटकत नाही.
दांडिया बाजारात वडिलांचं ट्रेडल होतं.
लग्नपत्रिका, तेराव्याची कार्डं, व्यायामशाळेची पावतीपुस्तकं.
वाचायला मी खिळ्यांवर शिकलो :
चि. सौ. कां. उलटं, मुहूर्त उलटा,
स्थळ, न्यायमंदिराच्या मागे, तेही उलटं.
पहिलीत पाटीवर क काढला तर बाई म्हणाल्या,
दिघे, हा क काय आरशातून आणलास?
मराठी मला मिळाली ती अशी.
सुलट ती गुजराती, उंबऱ्याबाहेर.

राहू दे तसाच, हर्षिदाबेन म्हणाल्या.

कागद भिजवले. पंचवीस प्रती ठरल्या.
शाई भरायची, जाळीच्या कापडानं काढायची,
मग खडूची पूड लावून तळहातानं,
पायऱ्यांवर धूळ हवी तेवढीच ठेवत.
एकेका प्रतीला पाऊण तास.
कागद उचलताना श्वास अडतो,
एकतीस वर्षं झाली, अजून.

चौदाव्या ठशाला, कोऱ्या समासात, अंगठा.
माझा.
रेघ न रेघ, मधल्या चक्रासकट.

आता हे सांगायला हवं की गेल्या मार्चमध्ये
रावपुऱ्याच्या बँकेत, त्या लाल उजेडाच्या डबीवर
मी सहा वेळा अंगठा ठेवला
आणि सहाही वेळा ती नाही म्हणाली.
केरोसिननं खाल्लेला, पुसून पुसून गेलेला.
काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली,
काका, तमारो अंगूठो तो छे ज नहीं.

डाग पडलेली प्रत फाडायची, हा नियम.
मी फाडली, जिना बरोबर मधोमध.
कोपरा तेवढा ॲप्रनच्या खिशात सरकवला.
हर्षिदाबेननी पाहिलं. चहा ओतत राहिल्या.

चौदावा पुन्हा काढला.
पेन्सिलीची सही त्यांची.
आमचा शिक्का बिनशाईचा, कागदाला नुसता उठाव,
तिरप्या उजेडात धरला तर दिसतो.

शेवटी पत्रा रद्द करतात, आरपार रेघ मारून,
पुन्हा कुणी छापू नये म्हणून.
मी सुई पुढे केली. त्यांनी घेतली नाही.
हे घर मी एकदा पडताना बघितलंय, म्हणाल्या. तुम्ही मारा.

मारली. वरच्या पायरीपासून त्या उलट्या शब्दापर्यंत.
जस्त फार करकरतं.

सोमवारी परत बँक.
कोपरा खिशात आहे, वाळलेला.
दाखवावा की नाही, ठरत नाही.
येताना सेव-उसळ खाईन.
बुधवारी कटकचा एक मुलगा यायचाय,
त्याला दगडावर काढायचंय.
दगड अजून घासायचा आहे,
त्यातलं आधीचं चित्र पार जाईपर्यंत.