झाकणभर साखरपाणी

फेब्रुवारी संपायच्या सुमारास येतात.
खिडकीखालच्या सांध्यातून एक,
मग बराच वेळ कुणीच नाही,
मग अर्धं स्वयंपाकघर.

फरशी झेफेरीनोनं स्वतः बसवलेली.
सेतुबालमधल्या निम्म्या घरांत त्याच्याच फरश्या,
आणि त्याचाच सांधा त्याला दगा देतो, म्हणून
दरवर्षी गुडघे टेकून पांढरं सिमेंट भरतो,
पुटपुटत,
जणू कुणी त्याच्या नावाची खोटी सही केली आहे.
त्या शेजारच्या फटीतून येतात.

वरच्या मजल्यावरची एउलालिया म्हणाली, दालचिनी.
दालचिनी टाकली. आठवडाभर घराला गोड भाताचा वास,
आणि मुंग्या वळसा घालून.
कॉफीचा चोथा. व्हिनेगर. खडूची रेघ.
रेघेपाशी एक थबकली, मिशा हलवल्या,
माघारी फिरली.
मला वाटलं, जिंकले.
ती बाकीच्यांना बोलवायला गेली होती.

शेवटी औषधांच्या दुकानातल्या मुलानं पुडी दिली.
साखरेच्या पाण्यात चिमूटभर, बाटलीच्या झाकणात.
"पुसू नका," म्हणाला, "चिरडू नका. खाऊ द्या पोटभर.
आत नेऊ द्या, राणीपर्यंत."
म्हणजे पाहुणचार.
दोन दिवस मी माझ्याच ओट्यापाशी
हात मागे बांधून उभी, परक्यासारखी.
झाकणाला तपकिरी झालर.
सावकाश जेवा, एवढंच म्हणायचं राहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी ओटा कोरा.
एउलालियाला जिन्यातच गाठून सांगितलं,
थोडं चढवून.

चौथ्या दिवशी न्हाणीघरात दिसल्या.
साबण सोडून, दाढीचा ब्रश सोडून
रांग सरळ कमोडच्या कडेला,
आणि तिथे वाळलेल्या दोन थेंबांभोवती
ही गर्दी.
खुंटीवर त्याचा पायजमा. त्यावरही.

आधी त्याच्यावरच ओरडले,
नेम धर जरा, म्हातारा झालास!
मग ओलं फडकं हातात, तशीच
टबाच्या काठावर बसून राहिले.

डिसेंबरपासून म्हणत होता,
"पायाला मुंग्या येतात, ओंदीना."
मी म्हणत होते, दिवसभर गुडघ्यांवर असतोस, येणारच.
रात्री तीनदा उठायचा, घटाघटा पाणी प्यायचा.
मी म्हणत होते, मासा खारट झाला असेल.
माझ्याकडे प्रत्येकाचं उत्तर तयार.

मुंग्यांकडे उत्तर नव्हतं.
गोड जिकडे होतं तिकडे त्या गेल्या.

त्याला पाच वर्षं झाली.
डाव्या पायाचा अंगठा आता नाही.
सिमेंट मी भरते, तो खुर्चीतून शिकवतो:
दाब, अजून दाब, लोणी लावतेस का पावाला?
अंजिराचा मुरंबा एउलालियाकडे ठेवलाय.
तो चोरून काठी टेकत जिना चढतो, मला माहीत आहे.
डॉक्टरीणबाई म्हणतात, जिना चांगला.
मुरंब्याचं मी त्यांना सांगितलेलं नाही.

आणि त्या येतातच.
झाकण मी अजूनही ठेवते, त्यात पाप वाटत नाही.
फक्त फडकं मारायच्या आधी
आता चष्मा लावते,
रांग कुठून आली ते सोडून
कुठे चालली आहे ते बघते.
पहिले दोन दिवस तर बोट धरून मागोमाग जाते,
कपाटामागे, गादीखाली,
माझ्या स्वतःच्या चपलांपर्यंत.

यंदा ओट्यावर थांबल्याच नाहीत.
भिंतीनं वर, घड्याळाच्या बाजूनं,
छताच्या कोपऱ्यातल्या फटीत एकेक नाहीशी.
वर एउलालियाचं न्हाणीघर.

मुरंब्याचाच वास लागला असेल.
झेफेरीनोही तेच म्हणाला, पेपरातून मान न काढता.

मी गॅस बंद केला,
हात पुसले,
आणि जिना चढून तिचं दार वाजवलं.