तरंगती नळी

समारू कुमरेच्या केगातली बीअर
पयलेपासून गढूळ.
"काहून बे, गाळ पाजतं का?"
ग्लासाआडचा बल्ब
नुसता पिवळा डाग.

यंदा त्यानं बुडाला टेकलेली दांडी कापली,
सलाईनची नळी जोडली,
टोकाला प्लास्टिकची पोकळ गोटी.
आता नळी वरवरचंच ओढते,
बीअर उतरेल तशी उतरते,
तळच्याला जागं करत नाही.

जुन्या फ्रीजात अकरा दिवस.
दार जरा आपटलं तरी म्हणायचा,
"हळू बाप्पा. बसू दे त्याले."

काल पयला ग्लास मी
भिंतीवरच्या कॅलेंडरला टेकवला.
अक्षरं मोठी झाली:
दुधाचे खाडे, सुगरताच्या हातचे,
परसालच्या मार्चपर्यंत.

"दिसते का साफ?"
"दिसते," म्हटलं,
अन् पिऊन टाकली.