सहा नंबर

मी भांडारातला माणूस.
ऑपरेशन थिएटरात कधी पाऊल टाकलं नाही,
पण तिथल्या हातांची मापं पाठ आहेत:
सात, साडेसात, आठ.
एकोणीस वर्षं हातमोज्यांच्या रकान्यात
हेच तीन आकडे, खाली माझी सही.

ऐरोलीच्या या इस्पितळात
रबाळ्याच्या कारखान्यांतून माणसं येतात,
प्रेसखाली सापडलेली बोटं फडक्यात गुंडाळून.
हाडांच्या विभागात सगळे आठ नंबरवाले.

मग डॉक्टर हिलम आल्या, शहापूरकडच्या.
वॉर्डात कुणी म्हणालं, सिस्टर, सलाईन संपलंय.
त्यांनी बाटली बदलली
आणि मग त्याचाच एक्स-रे उजेडाला धरला.
टपरीवर दोघे जण हिशेब मांडत होते,
ही कुठल्या जागेवरून लागली असेल.
मोठ्या साहेबांचा मुलगा कसा लागला
तो हिशेब कुणी काढला नाही.
मी चहा पीत होतो. हसलोही असेन.

दुपारी त्या माझ्या खिडकीशी.
"सहा नंबर आहेत?"
म्हटलं, मॅडम, सहा नंबर लागत नाहीत इथे.
"मला लागतात."

सात महिने त्यांनी सातमध्येच काढले.
पागधरे सिस्टर सांगायची,
बोटांच्या टोकाशी रबर लोंबतं,
टाक्याच्या गाठीत तेच आवळतं,
सोडवतात, परत बांधतात.
टेबल उंच, पायाखाली खोक्याचं फळकूट.
आणि मोठे सर म्हणतात,
मुलींचा हात जरा सावकाशच चालतो.

एका रात्री मी मुलाचे बूट घालून जिना उतरून पाहिला.
चौथ्या पायरीला भिंत धरली.

मार्चअखेर मागणीपत्रात एक ओळ वाढवली:
सहा नंबर, दोनशे जोड.
लेखाविभागाची लाल शाई परत आली,
वाढीव मागणीचे कारण?
आठ नंबरचं कारण आजवर कुणी विचारलं नव्हतं.
मी लिहिलं: हात.

पेट्या जूनमध्ये आल्या.
डॉक्टर हिलमचं कंत्राट मेमध्येच संपलं होतं.
वाढवलं नाही.

परवा एक किरकोळ बांध्याचा डॉक्टर आला,
इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला,
सहा आलेत म्हणे?
दोन वर्षं तोही सातमध्येच होता,
बोलला नव्हता.

पेटी फोडली. त्याला दिले.
एक जोड ड्रॉवरमध्ये ठेवलाय.
पाकिटावर मुदत आहे,
पाच वर्षं.