जवसाचं तेल

तीन आठवडे झाले होते.
नोटरी झुराब यांचं नाक नाकाच्या जागी होतं,
डोळे डोळ्यांइतके ओले,
मिशीचा केस न् केस मोजून भरलेला,
आणि कॅनव्हासवर कुणीही नव्हतं.

जवसाचं तेल संपलं म्हणून बाहेर पडले.
पायात घरातल्या सपाता, हातात रिकामी बाटली,
दुकान दोन गल्ल्या सोडून.
सामगोरीच्या नाक्यावर एक ड्रायव्हर ओरडत होता:
"एकच जागा! तेलावीला एकच जागा!"
असा, की वाटावं
सकाळपासून कुणीतरी रुमाल टाकून ठेवलाय माझ्यासाठी.
बसले.
का बसले, हे विचारायला शेजारी होती
टोपलीतली एक कोंबडी.
तिलाही नीटसं माहीत नसावं.

त्बिलिसी मागं पडलं,
वाळत घातलेल्या चादरी, मग नुसत्याच तारा,
मग गोंबोरीचा घाट.
झाडं पिवळी पडत होती.
त्या पिवळ्याची सात नावं मला येतात.
एकही आठवली नाही, आणि बरं वाटलं.

घाट उतरता उतरता टायर बसला.
ड्रायव्हरनं एका दमात
टायरला शिवी घातली, संत गिओर्गीला हाक मारली
आणि जॅक शोधू लागला.
रस्त्याकडेला पत्र्याचं छप्पर.
धूर.

आत, जमिनीत पुरलेल्या रांजणासारखी भट्टी,
आणि तिच्या काठावरून
कमरेपर्यंत आत वाकलेली एक बाई.
पिठाची लांबट जीभ तिनं आतल्या भिंतीवर थापली
आणि त्याच क्षणी
तिचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले.
एक चप्पल अंगठ्याला लोंबत राहिली.
पाय टेकले.
पुन्हा सुटले.
बावीस वेळा. मी मोजले.
मिशांमुळे लागलेली खोड.

"काय करतेस गं तू?"
आवाज भट्टीच्या आतून, घागरीत बोलल्यासारखा.
"चेहरे काढते."
"मग थांब, बाहेर येते.
पण लाल दिसेल हं.
विस्तवापुढं सगळे सारखेच लाल."

बुडाशी द्राक्षवेलीच्या काटक्या जळत होत्या.
विझलेली एक उचलली.
हाच कोळसा शहरात मी डबीतून विकत घेते,
बारा काड्या, वर परदेशी लेबल.
पाव गुंडाळायच्या कागदावर उतरवत गेले
पाठ,
मानेवरची रुमालाची गाठ,
कमरेतून निसटलेला सदरा,
आणि हवेतल्या टाचा,
भेगाभेगांत पीठ भरलेल्या.

मग ती बाहेर आली.
कोपरानं घाम पुसला, नाव सांगितलं, मक्वाला.
चेहरा चांगला होता.
पण मला हवं होतं ते
ती आत ठेवून आली होती.

कागदाकडं बराच वेळ बघत राहिली.
"ही मी?
साठ वर्षांत हे काही मला दिसलं नाही बाई.
मागंच असतं ना ते."
हसली.
आणि त्याच कागदात माझा पाव गुंडाळून
पैसे मागितले.

घरी येईतो चित्र पावावर उमटलं होतं.
टाचेचा काळा डाग आला
तो तुकडा आधी खाल्ला.
मग दिवा लावला, कॅनव्हास भिंतीला उलटा टेकवला,
आणि नव्यावर, आठवणीतून,
पहाटेपर्यंत.

मंगळवारी झुराब आले.
"हे काय? कुणाचं चित्र?"
"मक्वालाचं."
"चेहरा कुठाय?"
"भट्टीत."
ते चिडले. आगाऊ दिलेले पैसे मागितले,
कोट चढवला, दारापर्यंत गेले,
आणि बुटाची नाडी सुटली म्हणून
खाली वाकले.

कॉलर एका बाजूनं दुमडलेली.
मानेवर, घरच्याच कात्रीनं कापलेले
वरखाली केस.
कुणीतरी कापून दिले असतील,
स्वयंपाकघरात, खुर्चीवर बसवून,
"हलू नका" म्हणत.

"हलू नका," मी म्हणाले.

तेल अजून आणायचंच आहे.